ब्लॉगचा नारळ

कापूर आणि नुकत्याच फुटलेल्या नारळाचा वास आला की मला मारेगावचा तो नेट कॅफे आठवतो आणि स्वतःचीच किळस येते. माझा ब्लॉग सुरू होणार म्हणून बाबांनी तिथल्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं आणि नव्या मोटारपंपाचा फोडावा तसा उंबऱ्यावर नारळ फोडला. मी ऐटीत विषयांची यादी वाचली: युरोपचा सिनेमा, तत्त्वज्ञान, कॉफी. कॉफी मी तोवर चाखलीही नव्हती.

"याच्यात आपल्या कापसाचं काई नाई काय रे?" बाबांनी विचारलं.

"कापसावर काय लिहायचं असतं?" मी मुद्दाम पुस्तकी मराठीत म्हणालो. ते कॅफेतल्या सगळ्यांना खोबरं वाटत राहिले.

पुढे त्या विद्वानाने, म्हणजे मी, ब्लॉगवर एकच लेख लिहिला. त्याचा विषय होता, माझा ब्लॉग.