आयुषचा डावा हात

आमच्या सासूबाई, जाईबाई, खुटबावात तोंडाळ म्हणून नावाजलेल्या. म्हशीला जशा झापतात तशाच सरपंचालाही झापतात.

माझा आयुष सातव्या महिन्यातच उपटला. काचेच्या पेटीतल्या त्या एवढ्याशा जिवाला सासूबाई, मी त्यांना आईच म्हणते, म्हणाल्या, "एवढी काय घाई झाल्ती रं? हितं कोण लाडू वाटत व्हतं का?" आन् पदरात तोंड खुपसून रडल्या.

वर्षाचा व्हायला आला तरी पोरगं सगळं उजव्याच हातानं धरायचं. डाव्याची मूठ कायम मिटलेली. माझे सासरे, कोंडिबा आबा, लई खूश. "बघा वळण! शिकवावं लागलं न्हाई!" त्यांच्यासमोर कुणी डाव्या हातानं घास घेतला, की झालंच त्याचं कल्याण.

दौंडच्या डॉक्टरीणबाई मात्र गंभीर झाल्या. एवढ्या लवकर एकच हात वापरणं चांगलं न्हाई म्हणाल्या. मेंदूचा हुकूम डाव्या हाताला नीट पोचत न्हाई. आत्ताच हात चालवला तर मेंदू शिकंल, न्हाईतर हात तसाच अधू राहील.

त्यांनी सांगितल्याप्रमाणं आई रोज खेळताना थोडा वेळ उजव्या हातात मोजा घालायच्या आन् डावीकडून खुळखुळा वाजवायच्या. "घे की रं आळशा! आबावर गेलास जणू!"

आबा भडकायचे. "चांगला हात बांधताय? पोराला डावखुरं करताय?" आमची पाठ वळली, की गुपचूप मोजा काढायचे. आईंनी एकदा रंगेहाथ पकडलं.

"त्याचा हात गेला तर तुमचं वळण काय चाटायचंय?"

आबांचं तोंड एवढंसं झालं.

परवा माझे ईश्वरमामा कासुर्डीहून आले. जय भीम झाला, चहा आला. मामांनी आयुषपुढं बिस्कीट धरलं. उजव्यात मोजा. डावी मूठ हळूहळू उघडली, हात थरथरत पुढं आला.

तेवढ्यात मामांनी बिस्कीट मागं घेतलं. "अंहं, उजव्या हातानं घ्यायचं, बाळा," म्हणत मोजा काढायला गेले.

आबा ताडकन उठले. "ओ पाव्हणं! मोज्याला हात लावायचा न्हाई! द्या ते डाव्यात!"

मामांनी घाबरून दिलं. पोरानं ते मुठीत धरलं, कराकरा चुरलं, निम्मं मामांच्या चहात पाडलं. आई टाळ्या पिटत हसत सुटल्या.

आबा मात्र मटकन खाली बसले, घळाघळा रडायला लागले आन् म्हणाले, "पाव्हणं, आजून एक द्या. त्याच हातात."