वाळ्यांचं वजन वजा जाता

गोपिकाबाई सातवी पास. एवढ्या शिक्षणावर आमच्या गावची अंगणवाडी तिला मिळाली. हसनाबादच्या बाजूला तेव्हा सातवी पास सून म्हणजे मोठी गोष्ट होती, आणि ती आमच्या गावात होती, हे मी आवर्जून लिहितो.

सत्त्याऐंशी सालच्या चैत्रात तिने सोनूबाईची लेक काट्याच्या झोळीत ठेवली. पोरगी वर्षाची. काटा सहा पूर्णांक एक किलोवर थांबला. त्या वयाला वाढीच्या कार्डावरची रेघ सहा किलोची. रेघेखालच्या लेकराला पोषण आहाराची सुकडी दुप्पट, म्हणजे दोन वाट्या; वरच्याला एक.

पण पोरीच्या पायात चांदीचे वाळे होते, कमरेला साखळी होती. पहिलं लेकरू गेलं म्हणून सोनूबाईने पिंपळगावच्या रेणुकाईला नवस केला होता. पाच वर्षं अंगावरची चांदी उतरायची नाही.

"वजनापुरती काढ," गोपिकाबाई म्हणाली.

"तू देवीला सांगून ये, मंग काढते."

सोनाराच्या चिठ्ठीवर चांदी दीडशे ग्रॅम होती. गोपिकाबाईने सहा पूर्णांक एकमधून शून्य पूर्णांक पंधरा वजा करायला घेतले. एकसष्टातून पंधरा गेले, राहिले शेहेचाळीस. मधे टिंब दिलं आणि रजिस्टरात चार पूर्णांक सहा लिहिलं.

तपासणीला आलेल्या सुपरवायझर बाईंनी चष्मा पुसला. "बाई, दीड किलोची चांदी घालून ही पोरगी रांगते कशी?"

गोपिकाबाईने रजिस्टर आपल्याकडे ओढलं.

"वजाबाकी जमत नसेल तर काटा दाखवतो तेच लिहा. आठ दिवसांनी मी कार्ड पक्कं करते."

काट्याचं लिहिलं असतं तर पोरीची दुसरी वाटी गेली असती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत गोपिकाबाई पाटी घेऊन शाळेत गेली. दुसरीची पोरं खिडकीतून बघत होती. तिने पदर सारखा केला आणि बसली.

भुजंग गुरुजी म्हणाले, "टिंबाखाली टिंब येऊ द्या."

"आलं. पण वर एकाच्या पुढं काहीच न्हाई. खालचे पाच कशातून काढू?"

"तिथं शून्य लिहा."

"एकाचे दहा केले तर वजन वाढंल की, गुरुजी!"

"शंभर ग्रॅमचं एक माप घेतलं काय आन् दहा ग्रॅमची दहा घेतली काय?"

गोपिकाबाईने बोटांवर दहा मापं मोजली. "बराबरच," ती म्हणाली. तिने शून्य लिहिलं, सहातला एक मोडला, आणि उत्तर आलं पाच पूर्णांक पंच्याण्णव. खात्री म्हणून तिने त्यात पंधरा मिळवून पाहिले. सहा पूर्णांक एक झालं.

आठव्या दिवशी सुपरवायझर बाईंनी तीच वजाबाकी दोनदा केली आणि कार्डावर सही केली. सोनूबाईला मात्र राग आला.

"सहाची पाच केलीस? चांदी काय तिची न्हाई का?"

"तिचीच हाय. पण चांदी सुकडी खात न्हाई."

सोनूबाईने दुसरी वाटी पुढे केली.

दिवाळीपर्यंत पोरगी वाळे वाजवत चालू लागली होती. वयाबरोबर रेघही सहा पूर्णांक नऊवर चढली होती. चांदी वजा जाता पोरगी सहा पूर्णांक पंच्याण्णव भरली, रेघेच्या जराशी वर. दुप्पट सुकडी बंद झाली.

"गोपिकाबाई, या डावाला चांदी दोनदा वजा करून बघ ना," सोनूबाई म्हणाली.

"अंगावर चांदी एकदाच हाय," गोपिकाबाई म्हणाली, आणि तिने पोरीला झोळीतून उचलून खाली ठेवलं.