अण्णांची करटोली

शेजारचे अण्णा रोज दिवेलागणीला माझ्या गच्चीवर येऊन करटोलीच्या वेलाची पिवळी फुलं देवासाठी खुडून न्यायचे. देव भलताच चोखंदळ असावा. दुसरं फूल त्याला चालतच नसे.

वेल अण्णांनीच दिलेला. खानापूरच्या रानाकडची माझी आई पावसाळा लागला की करटोलीच्या भाजीसाठी झुरायची. डोकं दुखलं की तिकडे करटोलीचा कंद उगाळून कपाळाला लावतात, हेही ऐकवायची. बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत स्वतःच्या हिमतीवर कारखाना उभा केलेल्या मी बरीच घासाघीस करून अण्णांकडून एक कंद मिळवला. पावसाळे गेले, फुलं रग्गड, फळ एक नाही. अण्णांची गच्ची मात्र लगडलेली. आईसाठी ते मूठभर करटोली पाठवत, जणू जमीन दान करताहेत.

एका संध्याकाळी शिडी मागायला त्यांच्या गच्चीवर गेलो, तर अण्णा माझं फूल आपल्या वेलावरच्या फुलांना अलगद टेकवत होते. हा कुठला देव, मी विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. करटोलीचा नर वेल वेगळा, मादी वेगळी, फळ धरतं ते मादीला, तेही नराचं फूल टेकवलं तरच, असं त्यांनी मलाच समजावलं. बसवनगुडीतल्या आमच्या अर्ध्या गल्लीला त्यांनी असेच नर वाटले होते. मी आवाज चढवून मादीचा कंद मागितला.

"स्वल्प शांत हो, तम्मा. मादी दिली तर तू माझ्या गच्चीवर कशाला येशील?" अण्णांच्या कानडीमिश्रित मराठीत मी तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ.

पुढे पावसाळ्यात मागितला की म्हणत, वेल सुकू दे. हिवाळ्यात मागितला की, "आता कंद झोपलाय. झोपलेल्याला उठवू नये, सरी? बरोबर ना?" भल्याभल्या ठेकेदारांना मी नमवलंय, या म्हाताऱ्यापुढे माझी डाळ शिजली नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. सर्जापूर रोडवर राहणारा त्यांचा मुलगा घर आवरायला आला. तेरावा होईपर्यंत मी दम धरला, मग विषय काढला. तो म्हणाला, गच्चीवर नुसत्या माती भरलेल्या कुंड्या होत्या, सकाळीच कोपऱ्यावरच्या ढिगावर ओतल्या. मोठा शिकलेला मुलगा. वर पान नाही म्हणजे खाली काहीच नाही, असा त्याचा हिशेब.

इस्त्रीच्या शर्टानिशी मी त्या ढिगात गुडघे टेकले. येणारेजाणारे बघत होते, बघोत. बऱ्याच वेळाने एक कंद हाताला लागला.

आईने विचारलं, नर की मादी. फुलल्याशिवाय ते कळत नाही, पण मला शंका नाही. मादीच. अण्णांनी बिनकामाची वस्तू स्वतःकडे कधी ठेवली नाही.