लोकेकाकांच्या तळटीपा

लोकेकाका नव्या माणसाला आधी नाव विचारत आणि लगेच, "खातं कुठलं?" मग समोरचा बँकेत का असेना. ते स्वतः गिरणीत साचाखात्यात विणकर होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडली नाही. काका मात्र लालबागमधल्या कामगार संघटनेच्या खोलीत रोज पाळीच्या वेळेला हजर होत राहिले.

तिथे देणगीत आलेल्या संगणकावर त्यांनी संपकऱ्यांच्या एकेचाळीस हकिगती दोन बोटांनी टाइप केल्या. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नव्हतं आणि चोरीचं त्यांनी टाकू दिलं नाही. "मालकांनी लुबाडलं म्हणून आपण चोर नाय व्हायचं." त्यांनी फुकट मिळणारा, खुला प्रोग्रॅम वापरला. प्रत्येक हकिगतीला तळटीप होती: सांगणाऱ्याचं नाव, गिरणी, खातं.

मी तेव्हा एका दैनिकात उपसंपादक होतो. या हकिगतींच्या पुस्तकाचं संपादन माझ्याकडे होतं. दादरच्या प्रकाशकाकडच्या पानं लावायच्या महागड्या प्रोग्रॅममध्ये काकांची फाइल उघडेना. ऑपरेटरने मजकूर तेवढा उचलून आणला. तळटीपा मागे राहिल्या.

"त्या हाताने टाकायला आठवडा जाईल," प्रकाशक म्हणाले. "प्रकाशन समारंभ रविवारी आहे. आणि तळटीपा वाचतं कोण?"

"ज्याचं नाव असतं तो वाचतो. तुमच्या मशीनला जमत नाय, म्हणून माझी माणसं कापणार?" समोर बसलेले काका म्हणाले.

मी काकांना जिन्यात नेलं. म्हटलं, पहिली आवृत्ती अशीच निघू दे, नावं दुसरीत घालू.

"संपात मालक हेच सांगायचे रे. आधी कामावर या, मागण्या मग बघू."

ते जिना उतरून गेले. मी आत येऊन छपाईच्या परवानगीवर सही केली. समारंभ आठवडाभर पुढे ढकलता आला असता. तसं प्रकाशक बोलले नाहीत. मीही बोललो नाही.

रविवारी काका सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यातल्या पार्वतीबाईंना घेऊन आले. संपात घरात दाणा नव्हता म्हणून बाईंनी धाकट्याला गावी पाठवलं होतं. तो तिकडेच तापाने गेला. त्यांनी सांगितलेलं ते सगळं छापलं होतं. मी त्यांना पान काढून दिलं.

"माझा नाव खंय?"

बाईंनी पानाच्या तळाशी बोट नेलं.

"मग ह्यो तापान गेलेलो झील कोणाचो?"

काका माझ्याकडे बघत म्हणाले, "सही तू केलीस. तूच सांग तिला."

त्यानंतर काका सहा वर्षं जगले. माझ्याशी बोलले नाहीत. दुसरी आवृत्ती अजून निघालेली नाही.