आमच्या मंडळातले गुडघे

माझ्या आईने मला फिजिओथेरपिस्ट केलं तेव्हा मी तिच्या शेजारीच उभी होते. कार्डिफमधलं आमचं घर, जिन्याखालचा फोन, आणि पलीकडे इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या कोणी काकू. माझा ए-लेव्हलचा, म्हणजे इथल्या बारावीचा, निकाल लागून चार दिवस झाले होते आणि मंडळातल्या घराघरांत मुलांचे ग्रेड फोनवरून फिरत होते. काकूंनी विचारलं असणार, आता पुढे काय. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "फिजिओ करतेय ती. हो, मूव्हमेंट वगैरे." मग फोन ठेवला आणि कुकर बंद करायला आत गेली.

मी थिएटर अँड डान्सची डिग्री करायला चालले होते. ट्रेनने दोन तासांवरची युनिव्हर्सिटी होती. मैत्रिणीकडे राहायला जाते असं सांगून मी ऑडिशन दिली होती आणि जागा मिळाल्यावरच घरी सांगितलं होतं. बाबा म्हणाले, "ठरवूनच आलीयेस, तर आता विचारतेस कशाला?" आई काही बोलली नव्हती. तिचं उत्तर मला चार दिवसांनी असं, परस्पर, जिन्याखाली ऐकायला मिळालं.

"खोटं का बोललीस?" मी स्वयंपाकघरात जाऊन विचारलं.

"खोटं कुठे? तुला अ‍ॅनाटॉमी आहे ना कोर्समध्ये?"

"आहे."

"मग झालं तर."

मला लाज वाटली नाही, राग आला. लाज तिला वाटत होती, आणि ती माझी वाटत होती. आई आणि बाबा दोघंही नागपूरहून इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणून आले तेव्हा मी दहा वर्षांची होते. आई भूल देणारी डॉक्टर. कोणाला किती सांगायचं आणि कोणाला कधी झोपवायचं हे तिला बरोबर कळतं, असं मी तेव्हा रागाने म्हणायचे. अजूनही कधीकधी म्हणते.

पण हुशार बाईनेही काय थाप निवडावी! आमच्या मंडळात निम्मे लोक डॉक्टर. आर्किटेक्चर म्हणाली असती तर कोणी पुढचा प्रश्न विचारला नसता. फिजिओ म्हटल्यावर प्रत्येकाला पुढचे चार प्रश्न येत होते. प्लेसमेंट कुठे, रोटेशन कसं, कुठल्या हॉस्पिटल ट्रस्टमध्ये. पहिलं वर्षभर असा प्रश्न आला की मी पाणी आणायला जात होते.

पहिल्या दिवाळीला डोळ्यांचे डॉक्टर असलेले एक काका माझ्यासमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत येऊन बसले. मंडळात त्यांचा शब्द शेवटचा. चर्चचा हॉल भाड्याने मिळवण्यापासून माइकवर बोलण्यापर्यंत सगळं तेच करायचे. त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि म्हणाले, "बघ गं जरा. हा नी मधेच लॉक होतो. ऑर्थोवाल्याकडे गेलो तर तो कापायचंच म्हणेल."

समोर आई चिवड्याच्या डिश वाटत होती. तिचा हात थांबला. मी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण तिचा तो थांबलेला हात बघून मला वाटलं, बघ आता, कर मजा.

"काका, खाली सतरंजीवर बसा आणि उठून दाखवा," मी म्हणाले.

हे मी आदल्याच महिन्यात वर्गात शिकले होते. आमच्या पहिल्या तासाला नाच नव्हताच. जमिनीवर बसायचं आणि उठायचं, बाकीच्यांनी बघायचं, इतकंच. माणूस उठताना काही लपवू शकत नाही, असं आमच्या बाई म्हणायच्या. काका बसले. उठताना त्यांनी उजवा हात मांडीवर दाबला, एक "हं" केलं, आणि अर्ध्यात थांबून कोणी बघतंय का म्हणून डावीउजवीकडे नजर टाकली. मग उठले.

"औषधाचं, ऑपरेशनचं मला विचारू नका," मी म्हणाले. "पण उठताना तुमचा गुडघा आत पडतोय. पायाची बोटं जिकडे, तिकडेच गुडघा ठेवा."

त्यांनी दोनदा करून बघितलं. संक्रांतीला भेटले तेव्हा आल्या आल्या म्हणाले, "फरक आहे हं." झालं. त्यानंतर एकही कार्यक्रम असा गेला नाही की जेवण झाल्यावर कोणी माझ्यासमोर गुडघा, खांदा नाहीतर कंबर घेऊन आलं नाही. मी सगळ्यांना तेच सांगायचे, खाली बसा आणि उठून दाखवा.

युनिव्हर्सिटीत वेगळाच त्रास होता. आमच्या बाई शिकवायला फार चांगल्या होत्या, मी आज जी काही आहे त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. पण माझ्याकडे बघितलं की त्यांचा चेहरा मऊ व्हायचा. "तुझ्या परंपरेतलं काही आण ना," त्या म्हणायच्या. मुद्रा, डोळे, घुंगरू असं त्यांच्या डोक्यात असावं. मी भरतनाट्यम शिकले नव्हते, कथक शिकले नव्हते. नागपूरच्या शाळेत पंधरा ऑगस्टला लेझीम खेळले होते, तीही मागच्या ओळीत.

दुसऱ्या वर्षी मी त्यांना सरळ विचारलं, "वर्गातल्या बाकीच्या मुलींकडे तुम्ही परंपरा मागत नाही. त्यांच्याकडे फक्त नाच मागता. माझ्याकडेही तोच मागा." त्या लाल झाल्या आणि सॉरी म्हणाल्या. महिन्याभराने माझ्या वहीवर पुन्हा लिहिलं, मुळांचा विचार कर. मी ते पान फाडून टाकलं. घरी मी नाचतच नव्हते, आणि वर्गात मला न येणारा नाच माझा म्हणून मागितला जात होता. दोन्हीकडून मला कोणीतरी दुसरीच मुलगी हवी असल्यासारखं होतं, आणि मी दोघींनाही ती देणार नव्हते.

तिसऱ्या वर्षाच्या संक्रांतीला मुलांची गाणी संपली आणि सतरंजीवर बसलेली चाळीस माणसं एकदम उठायला लागली. मी भिंतीला टेकून बघत होते. डोळ्यांच्या डॉक्टरकाकांची ती चोरटी नजर. रेशमी साडीतल्या एक काकू, ज्या आधी निऱ्या गोळा करतात आणि मगच स्वतःला गोळा करतात. पुण्याहून नवीन आलेली सॉफ्टवेअरची दोन मुलं, हात न टेकता टुणकन उभी. बाबा, जे कोणी हात देईपर्यंत हलत नाहीत आणि उशीर झाला तर तिथेच गप्पा सुरू करतात. आणि आई. ती एका दमात उठते आणि स्वतः पुरती उभी राहायच्या आत शेजारणीला ओढून उठवते. मला हे सगळे पाठ होते. सव्वादोन वर्षं मी दुसरं काय बघत होते?

शेवटच्या परीक्षेला अकरा मिनिटांचा एकटीचा नाच बसवायचा होता. मी फॉर्मवर एकच ओळ लिहिली. खाली बसलेली माणसं उठतात.

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

"एवढंच."

"म्युझिक?"

"नाही."

यात मार्क जातील, त्या म्हणाल्या. जाऊ देत, मी म्हणाले. पुढे मार्क मध्यमच पडले, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही.

पण एक गोष्ट मला छळत होती. ज्यांनी विश्वासाने गुडघे दाखवले त्यांच्यावर मी नाच बसवत होते, तोही थापेच्या आडून. हे आता चालणार नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला आईच्या तोंडून एकदा, फक्त एकदा, ऐकायचं होतं की मी काय करते. ती म्हणणार नसेल तर मी म्हणणार होते.

गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात काकांनी माइक घेतला. "आपली घरची फिजिओ यंदा पास होतेय. टाळ्या." त्यांनी माझ्या हातात गुच्छ दिला आणि माइकही दिला.

"मी फिजिओ नाही," मी म्हणाले. "कधीच नव्हते. मी युनिव्हर्सिटीत नाटक आणि नाच शिकते. तुम्ही मला उठून दाखवलंत, त्याचा मी नाच बसवलाय. मे महिन्यात परीक्षा आहे. ज्यांचे गुडघे मी बघितलेत त्यांनी नक्की या."

आई श्रीखंडाच्या वाटीकडे बघत होती. काकाच आधी बोलले, "मग माझा गुडघा बरा कसा झाला?" लोक हसले. आई हसली नाही.

घरी आल्यावर कोट न काढताच ती म्हणाली, "अख्ख्या मंडळासमोर."

"तूही अख्ख्या मंडळालाच सांगितलं होतंस."

"मी तुला सांभाळत होते."

"लपवत होतीस."

"तुला माहितीये का," ती म्हणाली, "इथे आम्ही कसे राहिलो ते? डॉक्टर असून दर सहा महिन्यांनी नवीन पोस्टसाठी अर्ज. आम्ही शिकवलेले पुढे गेले, आम्ही तिथेच. हातात पक्की डिग्री असून हे. आणि तू अशी डिग्री घेतेस की जिच्यावर कोणी दारातही उभं करणार नाही."

"ते तुझं होतं, आई. माझं नाही."

आज विचारलं तरी मी तेच म्हणेन, फक्त हळू आवाजात म्हणेन. तेव्हा मी ओरडले होते. ती कोट घालूनच वर निघून गेली. नंतर पाच आठवडे तिने फोन केला नाही. बाबाच करायचे, आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणाले, "मी येतोय. तिची ड्युटी आहे." ड्युटी बदलून घेता येते हे मला लहानपणापासून माहीत होतं. मी फोन ठेवला आणि खूप रडले. मग उठून पुन्हा तालीम केली.

दुपारी तीनची वेळ होती. काळ्या भिंतींची खोली, साठ खुर्च्या, पुढे दोन परीक्षक मांडीवर कागद घेऊन. मंडळातून चार जण आले होते, त्यात काका आणि त्यांची बायको. बाबांनी शेजारच्या खुर्चीवर स्वतःचा कोट ठेवला होता. ती जागा कोणासाठी धरलीय हे मला कळत होतं आणि ती कोणी येऊन भरणार नव्हतं.

मी जमिनीवर बसले आणि उठायला लागले. आधी पुण्याची मुलं, मग निऱ्यांच्या काकू. मग काका, आणि अर्ध्यात थांबून मी डावीउजवीकडे बघितलं तेव्हा त्यांची बायको मोठ्याने हसली. मग बाबा. मी हात पुढे करून बसून राहिले, बसूनच राहिले, इतकी की एक परीक्षक लिहायची थांबली. तेवढ्यात मागचं दार उघडलं. उजेडाची एक पट्टी आत आली आणि गेली. मी बघितलं नाही. माझ्याकडे आता एकच माणूस उरलं होतं. उजवा हात टेकून एका दमात उठायचं आणि पुरतं उभं राहायच्या आत शेजारच्या रिकाम्या जागेतून कोणाला तरी ओढून काढायचं. ते मी आठ वेळा केलं. आठव्या वेळेला माझा दम संपला होता.

बाहेरच्या दालनात, फॉयरमध्ये, काका माझी वाटच बघत होते. "तिसरा मी. हिने हसून माझी ओळख पटवली," ते म्हणाले. "पण तो शेवटचा कोण? आपल्यातला वाटला नाही."

"ती मी," मागून आवाज आला.

आई उभी होती. पायात हॉस्पिटलचे बूट, गळ्यात ओळखपत्राची पट्टी तशीच. केसांवर ऑपरेशनच्या टोपीचा वळ होता. अर्धी ड्युटी कोणाच्या तरी गळ्यात मारून ती दोन तास ट्रेनमध्ये बसून आली होती. ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता ती रडेल, किंवा पुन्हा भांडेल. मी दोन्हीला तयार होते.

"चुकलंय तुझं," ती म्हणाली. "मी उजवा हात नाही टेकत. डावा टेकते. उजव्या हातात नेहमी काहीतरी असतं."

चिवड्याची डिश. तिळगुळाचा डबा. मी तीन वर्षं अख्ख्या मंडळाचे गुडघे बघितले आणि माझ्या आईचा हात बघितला नव्हता.

"नीट दाखव," मी म्हणाले.

तिने आपली पर्स उजव्या हातात घट्ट धरली आणि सगळ्यांच्या देखत फॉयरच्या कार्पेटवर मांडी घालून बसली. आमच्या बाई लगबगीने आल्या. यांना बरं वाटत नाहीये का, पाणी आणू का, असं त्यांनी मला विचारलं.

आईने खालूनच वर बघितलं आणि तिच्या वॉर्डातल्या खणखणीत इंग्रजीत सांगितलं, "मी ठीक आहे. माझी मुलगी डान्सर आहे. तिची एक स्टेप चुकली, ती दाखवतेय."

मग तिने डावा हात टेकला.