सातापैकी तीन

माझी नात दहावी पास झाली तेव्हा पुढे काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडलाच नव्हता. आमच्या कोन गावातली हुशार पोरं एकाच रस्त्याने जातात. कामोठ्याला क्लास, कुठल्या तरी ज्युनियर कॉलेजात नुसतं नाव, आणि दोन वर्षांनी इंजिनियरिंगची परीक्षा. माझ्या पोराने क्लासवाल्याशी बोलणंसुद्धा करून ठेवलं होतं. मग एका दुपारी जेवताना नात म्हणाली, तिला तिकडे जायचं नाही. पनवेलमध्ये एक शाळा आहे, तिथे अकरावी-बारावीच्या जागी परदेशी बोर्डाचा दोन वर्षांचा डिप्लोमा शिकवतात. अभ्यास कठीण, मुलं थोडी. तिने अर्ज केला होता, निबंध लिहून पाठवला होता, कॉम्प्युटरवर परीक्षाही दिली होती. आता शाळेने घरच्यांना घेऊन मुलाखतीला बोलावलं होतं म्हणून आम्हाला सांगणं भाग पडलं.

मी विचारलं, "याला बारावी म्हणतात का?"

"समकक्ष म्हणतात, आबा."

समकक्ष. म्हणजे तीच नव्हे. आमच्या जमिनी सरकारी प्रकल्पात गेल्या तेव्हा 'पर्यायी' असा एक शब्द आला होता. शेताच्या बदल्यात पर्यायी भूखंड. तो भूखंड हातात पडेपर्यंत माझे वडील गेले, आणि पडला तेव्हा त्यात पावसाचं पाणी गुडघाभर होतं. असल्या शब्दांची मला सवय आहे. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढे मिठागरावर हात कमी पडत होते म्हणून शाळा सुटली. पण कचेऱ्यांमधून जेवढे कागद मी वाचले तेवढे आमच्या गावातल्या पदवीधरांनी वाचले नसतील, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो.

त्यातून ती शाळा माझ्या नातीला फीमध्ये मोठी सूट देणार होती. का? आमच्या गावातलं एकही पोर तिथे नव्हतं. आम्ही ना त्यांच्या नात्यातले, ना ओळखीचे. मी पोराला म्हटलं, "हे लोक आपल्याकडनं काय मागणार हायेत, ते आधी बघ."

पोरगा म्हणाला, "बाबा, हुशार हाय म्हणून देतात."

"हुशार म्हणून? मी पण हुशार होतो. मला कुणी काय दिलं?"

मुलगी द्यायची असली की आपण स्थळाची चौकशी करतो. घर कसं, माणसं कशी, शेजारी काय बोलतात. मी तशीच चौकशी केली. दोन सकाळी जाऊन त्या शाळेच्या फाटकासमोरच्या टपरीवर बसलो. वॉचमन बिहारचा होता, त्याच्याशी मोडक्या हिंदीत बोललो. तो म्हणाला, पोरं चांगली आहेत, पण संध्याकाळी निघतात तेव्हा त्यांची तोंडं उतरलेली असतात. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने आणखी सांगितलं. "आजोबा, यांचे कागद लय असतात. पुस्तक मात्र एकाच्या हातात दिसत नाही." पुस्तकाविना शाळा ही गोष्ट मी घरी येऊन दोनदा सांगितली. सून भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मामा, ती सगळं लॅपटॉपवर वाचतात." मला ते उत्तर पुरलं नाही.

मुलाखतीला आम्ही सात जण गेलो. मी, पोरगा, सून, माझे दोन भाऊ, एक मेव्हणा आणि नात. आमच्यात मुलीच्या कामाला दोघं-तिघं जात नाहीत, तसं बरं दिसत नाही. वॉचमनने मला ओळखलं आणि हसला. आत त्या डिप्लोमाच्या मुख्य बाई होत्या. पन्नाशीच्या, पुण्याकडच्या बोलीच्या, चष्मा गळ्यात लोंबकळणारा. आमच्यासाठी त्यांना दुसऱ्या खोलीतून खुर्च्या आणवाव्या लागल्या. पाणी दिलं, चहा दिला, सगळ्यांची विचारपूस केली. मग म्हणाल्या, "आता जरा तुम्ही सगळे बाहेर बसाल का? मला तिच्याशी एकटीशी बोलायचंय."

मी म्हटलं, "आमच्यासमोर बोला की."

"आजोबा, तिचं म्हणणं तिच्या तोंडून ऐकायचंय मला."

"तिच्याच तोंडून ऐका. आमी कान बंद करतो."

बाई हसल्या, पण उठून दार उघडून उभ्या राहिल्या. आम्ही बाहेर बसलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. माझा धाकटा भाऊ म्हणाला, "काय विचारत असतील रं इतका वेळ?" तेवढं पुरे झालं. सरकारी लोक जमीन मोजायला आले होते तेव्हाही घरातल्या एकेकाला बाजूला घेऊन विचारलं होतं. त्यात चुलत्याने एक सांगितलं, वडिलांनी दुसरं, आणि कागदावर तिसरंच चढलं. मी उठलो आणि दार ढकलून आत गेलो.

नात बोलता बोलता थांबली. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. नातच म्हणाली, "आबा, तुमी बाहेर बसा. मी येते."

घरात लहानाने मला बाहेर जायला सांगण्याची ती पहिली वेळ. मी गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. आम्ही घरी परतलो. सगळ्यांना वाटलं, आबांनी पोरीची जागा घालवली. मलाही वाटलं. पण मी ते बोलून दाखवलं नाही.

जागा मिळाली. तरी माझा संशय गेला नाही, उलट वाढला. एवढं करूनही घेतात म्हणजे यांना पोरं मिळत नसणार.

पहिलं वर्ष सुरू झालं. पोरगी पहाटे उठायची, परत यायला दिवेलागण. सहा विषय, वर एक मोठा निबंध, वर समाजसेवा. निबंधासाठी तिने गणित निवडलं. एक्स्प्रेस वेवर गाड्यांची रांग का लागते आणि किती लवकर सुटते, याचं गणित. म्हणून ती रविवारी गावाबाहेरच्या पुलावर उभी राहायची आणि ट्रक मोजायची. सगळं गाव तिकडून जातं येतं. आमच्या आळीतला एक जण मला मुद्दाम थांबवून म्हणाला, "काय, नातीला टोलनाक्यावर नोकरी लागली वाटतं?" मी म्हटलं, "हां. तुझी गाडी आली की डबल घेणार हाय ती." त्याला उत्तर दिलं, पण घरी येऊन मीही तिला विचारलं, की ट्रक मोजायला एवढी मोठी शाळा कशाला?

आणखी एक विषय होता, त्याचं नावही मला सांगता येत नाही. आपल्याला जे माहीत आहे ते कसं माहीत आहे, एवढंच त्यात शिकवायचे. त्याने घरात ताप झाला. मी म्हटलं, यंदा पाऊस उशिरा आहे, तर ही विचारणार, "तुमाला कसं माहीत, आबा?" मी म्हटलं, अमका माणूस लबाड आहे, तर पुन्हा तेच. सून हसून पदर तोंडाला लावायची. मी समजलो, शाळा पोरांना मोठ्यांची अक्कल काढायला शिकवते.

मग पहिल्या वर्षाचे मार्क आले. इथे मार्क शंभरातले नसतात, सातातले असतात. सातातले मार्क मी जन्मात ऐकले नव्हते. शंभरातले म्हटलं की माणसाला अंदाज येतो, सातातला काय येणार? बाकीच्या विषयांत पाच होते, चार होते. गणितात तीन. दहावीला जिला गणितात पैकीच्या पैकी होते तिला तीन. पोरगी जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धी भाकरी ताटात सोडली.

आठवड्याने मुख्य बाईंनी पोराला आणि सुनेला बोलावलं. मी बरोबर गेलोच. बाई गोड बोलल्या. म्हणाल्या, मुलगी फार ताणात आहे. तिने पूर्ण डिप्लोमा करायलाच हवा असं नाही. कठीण गणित सोडायचं, मोठा निबंध सोडायचा, आणि सुट्या विषयांची प्रमाणपत्रं घ्यायची. पुढे कॉलेज मिळतं. कागद तयार होता. खाली दोन सह्या, एक पालकाची, एक तिची. पोराने खिशातून पेनही काढलं.

मी त्याचा हात धरला.

आमच्या गावात एक रीत आहे. जमिनी गेल्यापासूनची. कुठल्याही कागदावर जागच्या जागी सही करायची नाही. कागद घरी आणायचा, एक रात्र देव्हाऱ्यात ठेवायचा, आणि सकाळी सगळं घर समोर बसवून मोठ्याने वाचायचा. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांनी ऐकायचा. मग सही. मी बाईंना तसं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत द्या."

सकाळी आम्ही बसलो. कागद इंग्रजी होता. नातच वाचत गेली आणि मराठीत सांगत गेली. पहिल्याच ओळीत आलं, विद्यार्थिनीच्या हितासाठी.

मी म्हटलं, "थांब. हित कुणी ठरवलं?"

"शाळेने."

"तुला विचारलं?"

सून म्हणाली, "मामा, जाऊ द्या ना. पोर जेवत नाय, झोपत नाय. करू दे सही." पोरगा म्हणाला, "बाबा, तुमी तर पयल्यापासून नको म्हणत होता."

"मी नको म्हटलं ते आत जायला. आत गेल्यावर हिला बाहेर काढणारे ते कोण? त्यांना फाटकावर निकालाचा बोर्ड लावायचा हाय. त्यात हिचा तीन दिसायला नको, म्हणून हा कागद."

मला तेव्हा खात्री होती. तो सूट देण्याचा मोठेपणा, तो चहा, ते गोड बोलणं, सगळं त्या बोर्डासाठी.

नातीने कागद मांडीवर ठेवला. "तुमाला कसं माहीत, आबा?"

"अंदाज हाय."

"अंदाज चालत नाय," ती म्हणाली. रागाने नाही, सहज. "विचारायला पायजे."

"मग विचारू. मी विचारतो."

"तुमी नाय. मी विचारते. तुमी फक्त या."

शुक्रवारी आम्ही दोघंच गेलो. सून म्हणाली होती, मामांना नेऊ नको, दार ढकलतील.

बाई आम्हाला बघून उभ्या राहिल्या. नात समोर बसली आणि इंग्रजीत बोलायला लागली. मी बाजूच्या खुर्चीत. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कुठे 'मॅथ' ऐकू यायचं, कुठे 'रिझल्ट'. ती सावकाश बोलत होती. बाईंचा चेहरा आधी ताठ झाला. त्यांनी चष्मा घातला. मग त्याही बोलल्या, बराच वेळ, हात टेबलावर ठेवून. नातीने मधेच काहीतरी विचारलं. बाई थांबल्या, कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला आणि तिला काही दाखवलं. तिने वाकून पाहिलं. पुन्हा विचारलं. एकदा दोघी हसल्या आणि बाईंनी माझ्याकडे नजर टाकली. मला वाटलं, माझ्यावरच हसतात. खुर्चीतून उठावंसं वाटलं. आपल्या रक्ताचं पोर समोर बसून सौदा करतं आहे आणि आपल्याला भाव कळत नाही, अशी वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मोजणीला आले तेव्हासुद्धा नाही. तेव्हा निदान बोलणं मराठीत होतं.

मी बसून राहिलो. हात मांडीखाली घेतले आणि बसून राहिलो.

शेवटी नातीने पिशवीतून तो कागद काढला आणि टेबलावरून बाईंकडे सरकवला. मी मान लांब करून पाहिलं. इंग्रजी मला येत नाही, पण सहीची जागा कुठल्याही भाषेत ओळखू येते. दोन्ही जागा कोऱ्या होत्या.

बाहेर पडल्यावर रिक्षासाठी उभे होतो. मी विचारणार नव्हतो. तरी विचारलं, "काढत होते ना तुला?"

"नाय, आबा. तुमचा अंदाज चुकला."

"असं त्या बोलल्या?"

"मी सरळ विचारलं, निकालासाठी करताय का? त्यांनी आदल्या वर्षांचं दाखवलं. तीनवाले ठेवलेत त्यांनी, दोनवाले पण. त्यातली काही नापास झालीत. त्यांना खरंच वाटतं की मला झेपणार नाय."

"मग हसल्या कशाला?"

"त्यांनी विचारलं, प्रश्न आजोबांनी लिहून दिले काय? मी म्हटलं, त्यांना विचारू दिलं असतं तर तुमी आत्तापर्यंत पोलीस बोलावले असते."

बाई लबाड नव्हत्या, हे कबूल करायला मला जड जात होतं. लबाड असत्या तर सोपं होतं. लबाड माणसाशी भांडता येतं. खरं बोलणाऱ्या माणसाला वाटतं आहे की आपल्या पोरीला झेपणार नाही, त्याच्याशी काय भांडणार?

"मग सही का नाय केलीस?" मी म्हटलं. "त्यांचं खरं असलं तर?"

"असेल पण खरं," ती म्हणाली. "पण मला मे महिन्यातल्या परीक्षेपर्यंत बघायचंय. नापास झाले तर मीच होणार ना."

रिक्षावाल्याने कोनला यायला नाही म्हटलं. दुसऱ्यानेही. तिसरा आला तेव्हा तिने आधी पिशवी आत टाकली, मग मला हात देऊन चढवलं आणि बसल्या बसल्या गणिताची वही उघडली.

परीक्षा अजून व्हायची आहे. गणितातले मार्क आता चार झालेत असं ती म्हणते. मी मोजून पाहिलेले नाहीत.