व्याह्यांकडची आंघोळ

दक्षिण अमेरिकेतल्या पहिल्याच सकाळी मी माझ्या आईला स्मशान दाखवून आणलं. चुकून नव्हे, चांगला अभ्यास करून!

आम्ही इंग्लंडात मिल्टन कीन्सला राहतो. मी कॉम्प्युटरवाल्या कंपनीत आहे, आणि कुठल्याही गावाला जायचं ठरलं की त्या गावाचा आधी अभ्यास करणं हा माझा छंद आहे. (माझी बायको वसुधा याला खोड म्हणते.) त्या वर्षी नाताळच्या सुट्टीत ब्युनोस आयर्सला जायचं ठरलं, कारण आमचा रोहन एडिनबरात एका बँकेत होता आणि तिथेच त्याला लुसिया भेटली होती. लुसिया ब्युनोस आयर्सची. दोघांचं ठरलं होतं. तिच्या आईचं मात्र ठरत नव्हतं. मुलगी आधीच स्कॉटलंडला जाऊन बसलेली, आणि आता कायमची तिकडेच, तेही कुठल्या घरात कोण जाणे. "त्या लोकांना एकदा बघते, मग काय ते बोलते," असा मार्ताबाईंचा निरोप आला.

थोडक्यात, मुलाकडचे लोक स्वतःला दाखवून घ्यायला निघाले होते. विमानात रोहन माझ्याशेजारी येऊन बसला.

"बाबा, प्लीज. लुसियाची आई खूप स्ट्रिक्ट आहे. तुम्ही फक्त नॉर्मल राहा."

"मी कधी ॲबनॉर्मल असतो?"

त्यानं आपल्या आईकडे बघितलं. वसुधानं खिडकीबाहेर बघितलं.

रविवारी दुपारी व्याह्यांकडे जेवण होतं. सकाळ मोकळी होती. वसुधा केस सेट करायला गेली, रोहन लुसियाकडे पळाला, आणि माझ्या वाट्याला आई आली. आई तेव्हा पंचाहत्तरीच्या घरात होती. सातारा सोडून आमच्याकडे राहायला आली तरी तिचे सगळे नियम ती सोबत घेऊन आली होती. मी गाईड-बुक काखेत मारलं आणि तिला शहर दाखवायला काढलं.

सुरुवात झकास झाली. एका चौकात गरम एम्पानादा मिळाले. म्हणजे आपली करंजीच, फक्त तिखट. आतमध्ये मका आणि चीज आहे याची मी दोनदा खात्री केली, तरी आईनं मोडून, वास घेऊन, उजेडात धरून मगच खाल्ला. पुढे सान तेल्मोला जुन्या बाजाराच्या दगडी रस्त्यावर एक जोडपं टँगो नाचत होतं. बाईचा पाय बुवाच्या गुडघ्याभोवती गुंडाळलेला.

"नवराबायको आहेत ना रे?" आईनं विचारलं.

"हो."

"मग असू दे. पण घरी जागा नाही का यांच्या?"

मग मी तिला टॅक्सीनं रेकोलेता भागात नेलं. हा श्रीमंत लोकांचा मोहल्ला, जुनी घराणी, फ्रेंच धर्तीच्या इमारती, एवढा अभ्यास झाला होता. त्यापुढचं पान मी वाचलं नव्हतं, कारण त्याच पानावर आइस्क्रीमच्या दुकानांची माहिती सुरू होत होती. समोर मोठे खांब असलेलं एक दार दिसलं. वर लॅटिनमध्ये काहीतरी कोरलं होतं. मी आईला त्याचा अर्थ 'सुस्वागतम्' असा सांगितला. बाहेर फुलवाल्या बसल्या होत्या, आत टूरिस्ट कॅमेरे घेऊन हिंडत होते. आणखी काय पुरावा हवा?

आत सरळ गल्ल्या, आणि गल्लीच्या दोन्ही बाजूंना संगमरवरी छोटी छोटी देवळं. कोणाला घुमट, कोणाला जाळीचं दार, कोणाच्या डोक्यावर पंखवाली देवता. प्रत्येक दारावर घराण्याचं नाव.

"ही कसली रे?"

"देवघरं," मी म्हणालो. "इथल्या मोठ्या घराण्यांची. घरात जागा पुरत नसेल, म्हणून सगळ्यांनी इकडे एकत्र बांधलेली दिसतात. टाउन प्लॅनिंग!" (मिल्टन कीन्ससारख्या कागदावर आखून बांधलेल्या गावात राहणाऱ्या माणसाला टाउन प्लॅनिंगबद्दल बोलायचा हक्क असतो.)

आई खूश झाली. तिनं पहिल्या दारापुढे चप्पल काढली, ती शेवटपर्यंत घातलीच नाही. एकेका दारापुढे हात जोडत चालली. काचेतून आत डोकावली.

"आत एक लांबडी पेटी आहे. वर लेसचा रुमाल घातलाय."

"देवाचे दागिने असतील."

"किती शांत आहे. माणूस नाही काही नाही."

"आपल्या मिल्टन कीन्सला तरी रस्त्यावर कोण दिसतं?" मी म्हणालो, आणि ते तिला पटलं.

एका कोपऱ्यावर मला दारावर 'गोमेझ' हे नाव दिसलं. लुसियाचं आडनाव! मी आईला हाक मारली. व्याह्यांचं कुलदैवत सापडलं म्हटल्यावर तिचे डोळेच भरून आले. तिनं पर्समधून कुंकवाची डबी काढून उंबऱ्याला बोट लावलं, डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाली, "माझ्या रोहनचं यांच्याकडे जमू दे. पुढच्या वेळी जोड्यानं पाया पडायला आणीन." मग तिथल्या फुलदाणीतला एक पांढरा गुलाब प्रसाद म्हणून घेतला. मी फोटो काढला. सुरेख आला होता.

व्याह्यांकडे पोचलो तेव्हा वसुधा आणि रोहन आधीच आलेले होते. मार्ताबाई बारीक, ताठ, नजर शाळेच्या हेडबाईची. ओस्कारराव माझ्या दुप्पट, गच्चीत जाळीवर निखाऱ्यांशी झुंजत होते. आईसाठी त्यांनी वेगळ्या जाळीवर चीजचा जाड तुकडा, मिरच्या आणि कणसं भाजायला घेतली होती. आई आत आली, तिनं लुसियाला जवळ ओढलं आणि प्रसादाचा गुलाब तिच्या केसांत खोवला. मार्ताबाई पहिल्यांदा हसल्या. रोहननं मला अंगठा दाखवला.

तिथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी कॅमेरा काढला.

"तुमचं कुलदैवत बघून आलो," मी ऐटीत म्हणालो आणि फोटो पुढे केला. लुसियानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. ओस्कारराव चिमटा हातात घेऊन वाकले, बघितलं आणि हसत सुटले.

"ते आमचे नव्हेत!" लुसियानं त्यांचं बोलणं इंग्रजीत केलं. "पप्पा म्हणतात, तिथे पुरून घ्यायला फार श्रीमंत असावं लागतं. आमची माणसं चाकारिताच्या स्मशानात आहेत."

मार्ताबाई हसल्या नाहीत. त्या फोटोकडे बघत होत्या. "माझे वडील मागच्या वर्षी गेले," त्या म्हणाल्या. "मी दर रविवारी त्यांना फुलं घेऊन जाते. आजचा पहिला रविवार, गेले नाही. तुम्ही येणार होतात म्हणून."

आईला इंग्रजी येत नव्हतं, पण फोटोवरून चाललेला गोंधळ कळत होता. "काय म्हणतायत?" तिनं विचारलं. रोहननं बिचाऱ्यानं खरं ते सांगून टाकलं.

आई एकदम पांढरी पडली. मग तिनं शांतपणे लुसियाच्या केसांतला गुलाब काढला आणि खिडकीतून बाहेर टाकला. लुसियाचा चेहरा पडला. मार्ताबाईंच्या भुवया वर गेल्या.

"श्रीकांत," आई मला हळूच म्हणाली, "मी अशी जेवणार नाही. आंघोळ केल्याशिवाय घास घशाखाली जायचा नाही माझ्या. पण त्या पोरीच्या आईला कारण सांगू नकोस. बाप गेलाय तिचा, तिथे जाऊन फुलं वाहते ती. तिच्या जिवाला लागेल."

"मग काय सांगू?"

"तुझा अभ्यास आहे ना? कर उपयोग."

सगळे माझ्याकडे बघत होते. रोहनचं तोंड बघवत नव्हतं. पोराचं सगळं आयुष्य त्या ताटावर येऊन ठेपलं होतं. मी घसा साफ केला.

"आमच्यात एक रिवाज आहे," मी म्हणालो. "व्याह्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला बसण्याआधी त्यांच्याच घरी आंघोळ करतात. आणि आधी वाहिलेलं फूल उतरवतात. मान म्हणून."

लुसिया रोहनकडे वळली. "तू कधी बोलला नाहीस. माझ्या फ्लॅटवर तर सरळ येऊन जेवतोस!"

"ते... फक्त पेरेंट्सकडे असतं," रोहन म्हणाला. पोरगा शेवटी माझाच.

मार्ताबाई उठल्या आणि त्यांनी कपाटातून टॉवेलांची चळत काढली. सगळ्यांसाठी! कारण रिवाज म्हटल्यावर तो सगळ्यांनाच लागू. वसुधा माझ्या कानाशी आली.

"मी कुठे गेले होते स्मशानात? दोन तास बसून केस सेट केलेत मी."

"हळू बोल. रिवाज आहे."

"कोणाचा?"

आई आधी गेली. अंगावरचे कपडेही भिजवायचे असतात, त्यामुळे ती मार्ताबाईंचा मोठ्या फुलांचा गाऊन घालून बाहेर आली. मला ओस्काररावांची फुटबॉलची जर्सी मिळाली, ती गुडघ्यापर्यंत आली. वसुधा ओले केस घेऊन बसली आणि जेवण संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. तेवढ्यात मांस थोडं करपलं, ते ओस्कारराव निमूट सोसून गेले.

शेवटी मार्ताबाईंनी आईपुढे दुल्से दे लेचेची वाटी ठेवली. आईनं बोटानं चाटून बघितलं. "अगंबाई, हे तर आपलं आटवलेलं दूध," ती म्हणाली, आणि सगळी वाटी संपवली. मार्ताबाई तिच्याकडे बघत राहिल्या, फुलांच्या गाऊनमधल्या, ओल्या केसांच्या आमच्या आईकडे. मग लुसियाला काहीतरी म्हणाल्या.

"मम्मा म्हणते," लुसियाचा आवाज कापरा झाला होता, "माझ्या घराला एवढा मान आजवर कोणी दिला नाही. ती हो म्हणतेय."

रोहन रडला. मीही रडलो, पण माझं कारण थोडं वेगळं होतं.

लग्न मिल्टन कीन्सला झालं, पुढच्या नोव्हेंबरात. आदल्या दिवशी मार्ताबाई, ओस्कारराव, दोन मावश्या आणि त्यांचे नवरे एअरपोर्टवरून थेट आमच्या दारात आले. वसुधाच्या पुऱ्या कढईत होत्या, बटाट्याची भाजी झाली होती, आई केशरी भाताला झाकण ठेवत होती. मी दार उघडलं. सगळ्यांच्या हातांत टॉवेल.

"वाटेत आम्ही काही खाल्लं नाही," मार्ताबाई अभिमानानं म्हणाल्या. "तुमच्या रिवाजाप्रमाणे."

वसुधानं गॅस बंद केला. "सांगा आता त्यांना खरं काय ते," ती मराठीत म्हणाली. "आपल्याकडे एकच बाथरूम आहे."

मी मार्ताबाईंकडे बघितलं. रविवारची फुलं सोडून त्या आमच्यासाठी घरी थांबल्या होत्या, आणि आता एवढ्या लांबून उपाशी आल्या होत्या. मी म्हणालो, "बाथरूम वर आहे. डावीकडे."

एकेक जण वर जाऊन आला. ओस्काररावांनी खाली येऊन विचारलं, घरमालकाचं काय असतं? खोट्याला शोभेलसं उत्तर द्यायलाच हवं होतं. घरमालक सगळ्यांत शेवटी, असं मी सांगून बसलो. माझा नंबर लागला तेव्हा टाकीतलं गरम पाणी संपलं होतं. आणि इंग्लंडातल्या नोव्हेंबरात, पोराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी, मीच काढलेल्या रिवाजाचा मान राखून मी स्वतःच्या घरात गार पाण्यानं आंघोळ केली.